बायोडिझेल टाकीत ओतायच्या आधी बरणीत बघा

बीएस६ डिझेल गाडीत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणारी एकच उच्च दाबाची नळी) असते, तिथे प्रेशर दीड-दोन हजार बारपर्यंत जातं, त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरला जे चाललं ते हिला चालेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये बहुतेकदा बी७ म्हणजे डिझेलमध्ये ७ टक्केच बायोडिझेल (तेल किंवा चरबीवर मिथेनॉलची प्रोसेस करून बनवलेलं इंधन) लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

आता बरणी घ्या, काचेचीच. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकायचं, दोन्ही २० डिग्रीच्या आसपास हवं (मे महिन्याच्या उकाड्यात केलं तर माल उगाच चांगला दिसतो), हलवायचं आणि ठेवून द्यायचं. सगळं विरघळलं तर ठीक, बुडाशी तेल बसलं की समजा प्रोसेस अर्धवट झालीय, तेल कच्चंच राहिलंय. मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं, तेव्हा हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा आणि शेजारी बिडीवाला नको.

दुसऱ्या बरणीत निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल, जोरात हलवा. अर्ध्या तासात थर वेगळे नाही झाले, मधे पांढरट साय राहिली, तर बनवताना तयार झालेला साबण त्यात उरलाय, असलं बायोडिझेल टाकीत नको.

बरणीत पास झालं तरी ऑक्सिडेशन, फॉस्फरस वगैरे घरी कळत नाही, त्याला आयएस १५६०७ (बायोडिझेलचं भारतीय मानक) प्रमाणे लॅबच लागते.

आणि भरल्यावर डिपस्टिक (इंजिन ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी) बघत राहा राव! डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळून साफ होताना बऱ्याच इंजिनांत सिलेंडरमध्येच जादा इंधन फवारलं जातं, बायोडिझेल डिझेलइतकं उडत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल चढताना दिसली की ऑइल बदला.