मोटर नाही, वायर दोषी

वावरातली १ एचपीची सिंगल फेज मोटर नुसती घुमायची, पाणी बोटभर. वायंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) गेलं समजून मोटर खोलणारच होतो. त्याआधी मीटर लावला, मोटर चालू ठेवूनच. बोर्डावर २३० व्होल्ट, विहिरीवर १९०! वायरीभोवती लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ८ अँपिअर. म्हणजे ४० व्होल्ट वायरीनंच खाल्ले. ४० भागिले ८, रोध ५ ओहम. ४० गुणिले ८, ३२० वॅट फक्त वायर तापवण्यात. (मोटरची पॉवर मात्र अशी नुसत्या गुणाकारानं काढू नका, तिथं पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरं काम करणारा वाटा, धरावा लागतो.) वायर दीड एमएमची (म्हणजे छेद दीड चौरस मिलिमीटर), २०० मीटर, जाऊन-येऊन ४००. तांब्याचीच ४ एमएमची टाकली. रोध २ ओहमच्या आत, विहिरीवर आता २१५ व्होल्ट. कपाशीचं ओलित सुरू आहे.