पत्र्याच्या लेटरबॉक्सला वायरलेस घंटी कशी बसवायची

आमची सोसायटी कोथरूडमधली जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, आणि लेटरबॉक्स सगळे खाली जिन्याशेजारी मीटरबोर्डाच्या बाजूला ओळीने लावलेले. बाबांचं वय ७६, गुडघे दुखतात, तरी रोज दुपारी दोनदा खाली जाऊन पेटी बघून येणार. सही घेऊन द्यायचं टपाल दारात येतं, पण साधं टपाल खालीच पडतं आणि त्यांचं मासिक, विम्याची नोटीस, मिळकतकराचं बिल सगळं त्यातच. रिकाम्या हाताने कठडा धरत परत वर येताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून ही घंटी केली. पेटीत काही पडलं की वर घरात वाजते. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी नक्की करा, एका रविवारचं काम आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. बाजारात दार उघडल्याचं कळवणारे तयार वायफाय सेन्सर मिळतात, लोक ते आणून सरळ पेटीच्या आत चिकटवतात आणि मग कधी मेसेज येतो, कधी येत नाही. सेन्सर चांगलाच असतो, आड येतो तो पत्रा. धातूची बंद पेटी रेडिओ लहरी अडवते. घरी बघायचं असेल तर एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून तो स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवर रेंजच्या कांड्या कशा उतरतात बघा. पेटीला पत्र टाकायची फट असते, तिच्यातून थोडी लहर निसटते. वायफायची लहर साधारण १२.५ सेंमीची, त्यामुळे वीस-बावीस सेंमीच्या फटीतून ती थोडीफार बाहेर येते, पण वायरलेस बेल बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालते, तिची लहर जवळजवळ ६९ सेंमीची, तिला ती फट अपुरी पडते. भिंती आणि स्लॅबमधून मात्र हीच लांब लहर जास्त चांगली जाते. म्हणून नियम एकच, स्विच पेटीच्या आत आणि ट्रान्समीटर, म्हणजे लहर पाठवणारा बेलचा रिमोट, पेटीच्या बाहेर.

सामान फार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या रिमोटची साधी वायरलेस डोअरबेल, एक रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), एक छोटा साधा काळा चुंबक, मीटरभर दोन तारांची बारीक वायर, भोकात बसवायचं रबरी बुश, ग्लू गन, आणि श्रीखंडाच्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण. इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं, बुश आणि ड्रिलचं पातं रविवार पेठेत बोहरी आळीत. बेल घेताना दोन रिमोट चालणारी आणि प्रत्येक रिमोटला वेगळी ट्यून लावता येणारी घ्या, म्हणजे एक दाराला आणि एक टपालाला, नाहीतर बेल वाजली की घरातले दार उघडायला धावणार.

सगळ्यात आधी रेंज बघा. काहीही उघडायच्या आत रिमोट घेऊन पेटीपाशी उभं राहा, पेटीला लावून बटण दाबा, वर कोणालातरी कान देऊन बसवा. दहा वेळा दाबलं तर दहाही वेळा वाजली पाहिजे. नाही वाजली तर रिसीव्हर, म्हणजे वाजणारा भाग, घरात जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर आणा, आमच्याकडे तेवढ्यानेच काम झालं.

आता रिमोट उघडायचा. आत बटणाचा चार पायांचा छोटा स्विच दिसेल. मल्टिमीटर (दोन टोकं आतून जोडलेली असली की पीं करणारं मोजायचं यंत्र) ज्या दोन पायांमध्ये फक्त बटण दाबल्यावरच पीं करतो, एरवी नाही, त्या दोन पायांना वायरची दोन टोकं सोल्डर करायची, म्हणजे वायरची दुसरी दोन टोकं एकमेकांना टेकवली की बेल वाजते. सर्किटबोर्डवर आणखी काही हलवायचं नाही. सोल्डरिंग जमत नसेल तर रिपेअरिंगच्या दुकानात पाच मिनिटांत करून देतात.

मग झडप. खूप पेट्यांना फटीवर नुसता बाहेरून छज्जा असतो, आतून काहीच नसतं, आमचीही तशीच. श्रीखंडाच्या झाकणाची फटीएवढी पट्टी कापली, वरच्या कडेला कापडी चिकटपट्टीने बिजागरीसारखी आतून लटकवली, पत्र आत आलं की ती आत झुलते आणि परत खाली पडते. चुंबक तिच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूला.

रीड स्विच म्हणजे काचेची बारीक नळी, आत दोन पात्या, चुंबक जवळ आला की पात्या चिकटतात. आता नीट लक्ष द्या. हा स्विच झडप झुलून जिथे पोचते तिथे लावायचा, ती शांत लटकते तिथे लावायचा नाही. शांत असताना चुंबक स्विचपाशी राहिला तर बटण दिवसरात्र दाबल्यासारखं होईल आणि बॅटरी लवकर संपेल. स्विचचे पाय वाकवताना काचेलगतचा पाय पकडीने धरा आणि त्याच्या पुढचा भाग वाकवा, थेट वाकवला की काच तडकते, माझे दोन असेच गेले. आणि स्विच सरळ पत्र्यावर चिकटवू नका, मध्ये सात-आठ मिमीचा लाकडी तुकडा घाला, कारण लोखंड चुंबकाचं बळ आपल्याकडे ओढून घेतं.

मी सुरुवातीला नवीन मिळतात ते चकचकीत निओडिमियम चुंबक लावले होते. पहिल्याच दिवशी जाड पाकीट आलं, झडप वर गेली आणि चुंबक पेटीच्या छताला जाऊन चिकटला, झडप वरच राहिली आणि घरात बेल वाजतच राहिली, आई घाबरून शेजारच्या काकूंना बोलवायला गेली. म्हणून साधा काळा चुंबक घ्या आणि छतापासून तो लांबच राहील इतकीच पट्टीची लांबी ठेवा.

जागा पक्की करायच्या आधी सगळं सेलोटेपने लावून बघायचं. एक पोस्टकार्ड आणि एक जाड मासिक घ्या. पोस्टकार्डाने झडप थोडीच उघडते, म्हणून स्विच आधी पोस्टकार्डासाठी जुळवा, ते सरकवल्यावर रीड स्विचच्या पायांना लावलेला मल्टिमीटर पीं करतो तीच जागा, आणि मग मासिकानेही वाजतं ना बघा. मला यात तासभर गेला, घाई करू नका, पूर्ण घंटीचा भरवसा याच जागेवर आहे. जमलं की ग्लू गन मारा.

भोक पेटीच्या तळाला किंवा मागे पाडायचं, वर कधीच नाही. सोसायटीची पेटी असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा. पाच-सहा मिमी पुरे, कड कानशीने घासून रेड ऑक्साइडचा हात द्या नाहीतर पहिल्या पावसातच गंज धरेल, मग बुश बसवून रिमोटची वायर ओवा आणि तिची मोकळी दोन टोकं रीड स्विचच्या दोन पायांना जोडा. पेटी उघड्यावर असेल तर वायर आत जाण्याआधी खाली झोका देऊन वर न्या, पाणी त्या झोक्यावरून ठिबकून जातं.

रिमोट बाहेर लावतानासुद्धा पत्र्याला चिकटवायचा नाही. अँटेना धातूला टेकून राहिली की रेंज पडते. शक्य असेल तर बाजूच्या भिंतीवर लावा, नाहीतर मध्ये दोन सेंमीचा थर्माकोल किंवा लाकूड. आत अँटेना म्हणून नुसती मोकळी तार असेल तर ती सरळ उभी ठेवा, गुंडाळू नका. ४३३ साठी पाव लहरीची तार म्हणजे १७.३ सेंमी.

बंगला असेल आणि गेट लांब असेल तर बेल पुरणार नाही, तिथे लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांब पल्ल्याचा संदेश पाठवणारा रेडिओ) वापरा, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, मॉड्यूल त्या पट्ट्यावर चालणारंच घ्या. आणि दिवसभर घरी कोणी नसेल तर वायफाय सेन्सरच बरा, मोबाईलवर नोंद राहते, फक्त त्यालाही नियम तोच, स्विचच्या तारा आत आणि सेन्सर बाहेर, आणि राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क खालपर्यंत पोचलं पाहिजे.

शेवटी पोस्टमनकाकांना आणि वॉचमनला एकदा समोर दाखवून ठेवा, पेटीतून वायर निघालेली बघून कोणीही चरकेल. आमच्या पोस्टमनकाकांनी स्वतः एक पत्र आत टाकून बघितलं, वरून बाबांनी गॅलरीत येऊन "वाजली हो!" म्हणून हात केला. बॅटरी मी जूनच्या आधी आणि दिवाळी अंक यायच्या आधी अशी वर्षातून दोनदा बदलतो, तारीख रिमोटच्या मागे चिकटपट्टीवर लिहिलेली असते.