संग्रहालयात दिव्यांगांसाठी सत्र घेताय? या चुका टाळा

अशी सत्रे फसतात ती बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात. मूर्ती एका नजरेत दिसते, पण बोटांना ती थोडी थोडी करून मनात जुळवावी लागते. अंध गटाला तासाभरात दहा वस्तू दाखवायचा बेत केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला नुसते शिवून पुढे जाणे येते. तीन-चार वस्तू पुरे, आणि एका मार्गदर्शकामागे चार-पाच जणच.

वस्तूला हात लावण्याआधी एवढेच सांगा: किती उंच, बसलेली की उभी, तोंड कोणीकडे, हात कुठून सुरू करायचा. पुढे बोटे फिरत असताना गप्प राहा. स्पर्श आणि माहिती एकदमच आली की दोन्ही निसटतात. हात धरून वस्तूवर फिरवणे तर नकोच. अडले तर विचारून आपला हात वस्तूवर ठेवा आणि त्यावर त्यांना हात ठेवू द्या.

प्रतिकृती प्लास्टिकची असेल, तर आकार कळतो, दगडाचा गारवा आणि वजन कळत नाही. त्याच जातीच्या दगडाचा तुकडा शेजारी ठेवा. प्रतिकृती लहान केली असेल, तर मूळ मूर्ती कमरेपर्यंत येते की डोक्याच्या वर जाते, हे सांगायला विसरू नका. जतन विभागाने खरी वस्तू हाताळू दिली, तर पातळ नायट्राइल (कृत्रिम रबराचे) हातमोजे द्या. सुती मोज्यांतून बारीक कोरीवकाम जाणवत नाही, पकडही सुटते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधीच काढून ठेवायला सांगा.

छायाचित्रावरून जसेच्या तसे उठावचित्र (बोटांनी चाचपायचे, उंचावलेल्या रेषांचे चित्र) करू नका. सावल्या आणि मागचा देखावा बोटांना निव्वळ गुंता वाटतो. एका चित्रात एकच गोष्ट, रेषांमध्ये किमान ३ मिमी अंतर. ब्रेल पाटी भिंतीवर उभी लावली की वाचताना मनगट मुडपते, म्हणून ती उतरत्या फळीवर हवी. सगळेच अंध ब्रेल वाचत नाहीत, तेव्हा सोबत ध्वनिवर्णनही लागतेच.

कर्णबधिर गटात ‘हे पाहा’ म्हणत बोलत राहिलात, तर त्यांना खुणांच्या भाषेच्या दुभाषाकडे पाहावे की वस्तूकडे, असा पेच पडतो. आधी सांगा, थांबा, पाहू द्या, मगच पुढचे वाक्य. चित्रफितीसाठी दिवे मंद केले तरी दुभाषाच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड राहू द्या. लांब सत्राला दोन दुभाषे हवेत, साधारण २० मिनिटांनी आळीपाळीने. विशेष नावे आणि संज्ञांची यादी त्यांना काही दिवस आधी द्या.

व्हीलचेअर वळायला सुमारे १.५ मीटर मोकळी जागा लागते. खुर्च्या मांडल्यावर ती उरते का, हे मोजूनच ठरवा.

स्वमग्न पाहुण्यांना मार्गाची छायाचित्रे आधी पाठवा, मोठा आवाज कुठे येतो तेही कळवा. गोंगाट असह्य झाला तर बसायची शांत खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर ऐनवेळी ती उपयोगी पडत नाही.

सत्रात कोणीच प्रश्न विचारत नसेल, तर मार्गदर्शक कोणाशी बोलतोय ते पाहा. अनेकदा तो सोबत्याकडे पाहून बोलत असतो. प्रश्न थेट पाहुण्याला विचारा आणि उत्तराला वेळ द्या. रंगीत तालीम दिव्यांग सल्लागारांसोबत, त्यांना मानधन देऊन करा, आणि तीही पाट्या छापायला जाण्याआधी.