पहिल्या वर्षाची परीक्षा: पुस्तक मिटून अभ्यास कसा करावा

शाळेत शिक्षक एकच धडा महिनाभर घोटून घ्यायचे, त्यामुळे परीक्षेआधी दोनदा वाचलं तरी भागायचं. विद्यापीठात तोच ऐवज दोन लेक्चरांत उरकतो. त्यावर सल्ला काय, तर ‘रोज वाचत जा’. पहिल्या सत्रात मला बुडवलं ते याच सल्ल्यानं.

अभ्यासक्रम, गुणांची विभागणी आणि मागच्या तीन-चार प्रश्नपत्रिका आधीच मिळवून ठेवा. वेळापत्रक एका कागदावर मावेल एवढंच करा. रंगीत चौकटी आखण्यात माझा अख्खा रविवार गेला होता.

आता खरी मेख. टॉपिक वाचून झाला की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहून काढायचं. मी हे टाळलं. थर्मोडायनॅमिक्सच्या नोट्स चार वेळा वाचल्या, निम्मी पानं हायलायटरनं पिवळी केली. पेपरात नेमकी कार्नो सायकल आली, म्हणजे आदर्श उष्णता-इंजिनाचं चार टप्प्यांचं चक्र. ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, कोपऱ्यातल्या शाईच्या डागासकट! दोन आयसोथर्मल (तापमान स्थिर असलेले) टप्पे लिहिले; अ‍ॅडियाबॅटिक (उष्णतेची देवाणघेवाण नसलेले) कुठे येतात ते काही केल्या आठवेना. पान ओळखीचं होतं, मजकूर येत नव्हता.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 56. म्हणजे वाचून उठल्यावर ‘झालं की पाठ’ असं जे वाटतं, त्यावर अजिबात विसंबू नका.

पहिल्यांदा जेमतेम चार ओळी येतील आणि हात पुस्तकाकडे जाईल. जाऊ देऊ नका. दहा मिनिटं तसंच बसा, डोकं खाजवा, आकृती अर्धवट का होईना काढा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं. लाल शाई कमी होत गेली तर टॉपिक बसतोय. मनातल्या मनात आठवणं मी धरत नाही, कारण मन लबाड असतं, अडलं की पुढे सरकतं. गणितं असतील तर सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर झाकून पहिली पायरी स्वतः मांडा. ‘बघून कळलं’ याला शून्य गुण.

ग्रुप स्टडी कागद लिहून झाल्यावर. आदल्या रात्री झोपा.

शेवटच्या आठवड्यात एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पूर्ण वेळ, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवा. शेवटच्या प्रश्नापर्यंत हात भरून येतो आणि अक्षर बिघडतं, हे मला थेट परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं होतं.