पाखड तणनाशकाने मरत नाही? आधी ट्रेमध्ये तपासा

औशाजवळ आमचं सहा एकर सोयाबीन. पेरणीनंतर अठराव्या दिवशी दिरांनी इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलं. तीन आठवड्यांनी मी खुरपं घेऊन शिरले, तर एकाच ओळीत पाखड या गवताची दोन ठोंबं, हातभर अंतरावर. एकाचा पोंगा ओढला तर अलगद हातात आला, बूड कुजलेलं. दुसऱ्याचं बूड जांभळट, नऊ फुटवे, हिरवंगार. आजूबाजूची माठ, दुधी ही तणं पार वाळलेली.

ही खूण ओळखायला शिका. फवारणी चुकली असेल तर पट्टाच्या पट्टा हिरवा राहतो आणि त्यात सगळीच तणं जगतात. उशीर झाला असेल तर मोठी झालेली तणं वाचतात. केना हे तण चार पानांपुढे गेलं की नीट मरत नाही, तिथे औषधाला दोष देऊ नका. पण एकाच जातीची, एकाच उंचीची मेलेली नि जिवंत झाडं शेजारी शेजारी दिसली, आणि गेल्या वर्षीही त्याच जागी दिसली होती, तर तण औषधाला दाद देईनासं झाल्याची शंका घ्या. निकाल मात्र आठवड्यात लावू नका. इमॅझेथापायर हळू मारतं: आधी वाढ थांबते, मग पान पिवळं पडतं, पुरतं मरायला तीन आठवडे जातात.

आता खात्री करून घ्या. वाचलेल्या ठोंबांपैकी दोन-चार राखा, कणसं पिकली की बी कागदी पिशवीत झाडून घ्या आणि ठोंबं लगेच उपटा. तुलनेसाठी जिथे कधीच औषध गेलं नाही अशा जागेचं बी हवं. मी विहिरीजवळच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घेतलं. ताजं बी नीट उगवत नाही, म्हणून उन्हाळ्यापर्यंत ठेवा. मग दोन्ही बियांचे तीन-तीन ट्रे भरा. दोन-तीन पानांवर आले की एक जोडी तशीच ठेवा, दुसरीवर पूर्ण डोस, तिसरीवर दुप्पट. 10 टक्के एसएल (पाण्यात विरघळणाऱ्या द्रव) औषधाचा डोस एकरी 400 मिली, म्हणजे 200 लिटर पाण्याला. 15 लिटरच्या पंपाला 30 मिली होतं. ट्रेवर पंप धरून उभं राहू नका, नाहीतर डोस कितीतरी जास्त बसेल. मोकळ्या रानात ट्रे ओळीने मांडा आणि शेतात चालता त्याच चालीने पुढे जा. हातमोजे, तोंडाला फडकं हवंच.

आमच्याकडे धुऱ्याचं पाखड पूर्ण डोसला मेलं. शेतातलं दुप्पट डोसवरही उभं राहिलं. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही.

कारण आम्ही तर दरवर्षी औषध बदलत होतो! नंतर लेबलं पुढ्यात मांडून बसले तेव्हा उमगलं. इमॅझेथापायर, त्याच्या जोडीला येणारं इमॅझामॉक्स, क्लोरिम्युरॉन आणि पेरणीनंतर लगेच मारायचं डायक्लोसुलम, ही चारही एकाच गटातली, गट 2. सगळी झाडातलं एकच एन्झाइम बंद पाडतात. लाखो रोपांत एखादं असं असतं की त्याचं एन्झाइम औषधाला दाद देत नाही. बाकीची मरतात, याला रान मोकळं मिळतं, आणि ते एकटं ठोंब हजारो दाणे टाकतं. बाटली बदलली तरी आम्ही त्याच झाडाला जगवत होतो.

म्हणून विकत घेताना घटकाचं नाव वाचा आणि गट विचारा. क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप गट 1 (फक्त गवतवर्गीय तणांवर), पेंडीमेथालिन गट 3, मेट्रिब्युझिन गट 5. आम्ही आता पेरणीनंतर 48 तासांच्या आत, ओलीवर पेंडीमेथालिन मारतो आणि लागलंच तर पुढे गट 1.

पण नुसत्या गटबदलावर विसंबू नका. हरियाणात गव्हातलं गुल्ली-डंडा नावाचं तण 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला मरेनासं झालं. नवी औषधं आली, पुढे त्यांनाही ते जुमानेना. कोळपं सोडू नका. पहिल्या पावसावर तण उगवू द्या, वखराची पाळी मारा, मग पेरा. अर्धा डोस मारून पैसे वाचवायचे नाहीत. वाचलेलं ठोंब कणसात यायच्या आत उपटा. कणसं धरली असतील तर पोत्यात भरून बाहेर न्या, उकिरड्यावर टाकाल तर शेणखतातून परत येतील. आणि राशीचं (मळणीचं) मशीन दुसऱ्याच्या रानातून आलं असेल तर आपल्या बांधावर येण्याआधी ते झाडून घ्या. आमचे दीर आता मशीनवाल्याला रस्त्यावरच थांबवतात, मी झाडू घेऊन जाते.