रॉकची कात्रणं जपताना या चुका टाळा

जून लागला की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कौलारू घरात कपाट उघडताच कोंदट वास येतो. पस्तीसेक वर्षं मी रॉक संगीताच्या मासिकांची कात्रणं जमवतोय. इथल्या पावसाने माझे थोडेच कागद नेले. त्याहून कितीतरी जास्त मी स्वतःच्या हातांनी, हौसेपोटी बिघडवले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख न लिहिता कापणं. कॉलेजात असताना कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानातून मासिकं किलोवर आणायचो आणि त्याच रात्री कात्री घेऊन बसायचो. लेख वहीत, उरलेला अंक परत रद्दीत. त्या वहीत आज एका गिटारवादकाची पानभर मुलाखत आहे, पण ती कुठल्या मासिकातली, कुठल्या सालची, काही पत्ता नाही. म्हणून आधी मासिकाचं नाव, महिना, वर्ष आणि पान समासात मऊ पेन्सिलीने लिहायचं, मगच कात्री. पान उलटून मागे काय छापलंय तेही बघायचं.

जुना अंक अख्खा मिळाला तर कापूच नका, हे मी हात जोडून सांगतो. कोलकात्याचा 'ज्युनियर स्टेट्समन' 1967 ते 1977 एवढाच निघाला. अमित सैगल यांनी 1993 मध्ये अलाहाबादहून सुरू केलेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'चे सुरुवातीचे अंकही आता सहज मिळत नाहीत. असा अंक तसाच ठेवा, आतल्या लेखाची नोंद वहीत करा.

तारीख आधीच हरवली असेल तर मजकुरातच माग काढता येतो. मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडने 1993 मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं, म्हणजे नवं नाव छापलेलं कात्रण त्याच्या आधीचं असू शकत नाही. 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव 1986 मध्ये सुरू झाला, तोही असाच खुणेचा दगड. सूचीत मात्र बँडची जुनी-नवी दोन्ही नावं एकमेकांशी जोडून ठेवा. गावांचंही तेच. आयर्न मेडन हा इंग्लंडचा बँड. ते 17 मार्च 2007 ला बंगळूरला वाजवून गेले, तेव्हाच्या इंग्रजी कात्रणांत 'बँगलोर' आहे. शहराचं इंग्रजी नाव 'बेंगळुरू' झालं 2014 मध्ये. आपल्या सूचीत एकच रूप ठरवा, नाहीतर शोधताना अर्धी कात्रणं सापडत नाहीत.

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते, डाग राहतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट: उष्णतेने प्लास्टिक कागदाला असं धरतं की पुन्हा सुटत नाही, आणि वर्तमानपत्री कागदातलं आम्ल आतल्या आत कागद पिवळा, ठिसूळ करतच राहतं. माझी बारा पोस्टरं अशी गेली. पीव्हीसीच्या फाइलींना शाई चिकटते, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. टाचण्या, स्टेपल आजच काढा, गंज धरतो.

गुळगुळीत पानं भिजली तर ओली असतानाच, वाळायच्या आत, एकेक सुटी करा. वाळली की त्यांची वीट होते. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे सवडीने सोडवता येतात. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. कागद आधी सावलीत वाऱ्यावर वाळू द्या, मग तोंडाला मास्क बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. कसर लागली असेल तर कोरडी कात्रणं पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत दव धरतं. कडुनिंबाचा ओला पाला मात्र खोक्यात नको, त्याने ओल वाढते. आमच्याकडे आजीच्या काळापासून वेखंडाची पुरचुंडी ठेवतात, तीच मी ठेवतो, कागदाला न टेकवता.

जास्त पावसाच्या खानापूरकडच्या मित्रांना तर मी सांगतो, आषाढ-श्रावणात खोकी उघडूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकेक खोकं काढा आणि 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) स्कॅन करा. मागचा मजकूर उमटत असेल तर पानामागे काळा कागद घाला.

आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहा, 'ही रद्दी नाही'. मराठीत आणि कन्नडमध्येही. घर रंगवायला काढलं तेव्हा कामावरच्या माणसांनी माझं एक खोकं अंगणातल्या रद्दीच्या ढिगावर नेऊन ठेवलं होतं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.