नव्या प्रजाती कशा निर्माण होतात: समजून घेताना या चुका टाळा

उत्क्रांतीवरच्या उत्तरपत्रिका आणि प्रकल्पवह्या तपासताना एक वाक्य हमखास भेटते: ‘गरज पडली म्हणून प्राण्याने स्वतःत बदल केला.’ जिराफाने मान ताणली, ती लांब झाली आणि नवी प्रजाती तयार झाली, अशी ही समजूत असते. शिकवण्या आणि गाइडे हेच सोपे करून घोकायला लावतात, त्यामुळे ती पदवीपर्यंत टिकते.

पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून आणि चोची मोजून पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या. १९७७ मध्ये तिथे भीषण अवर्षण पडले, बारीक बिया लवकरच संपल्या आणि उरली ती आपल्याकडच्या सराट्याच्या जवळच्या नात्यातील एका वनस्पतीची टणक, काटेरी फळे, जी फक्त जाड चोचीच्या पक्ष्यांनाच फोडता येत होती. मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. त्या काळात एकाही पक्ष्याची चोच गरजेपोटी वाढली नाही. जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात वाचले, चोचीची जाडी आनुवंशिक असल्याने ती पिल्लांत उतरली आणि पुढच्या पिढीची सरासरी सरकली. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचा सुकाळ झाला, तेव्हा निवडीची दिशा उलटली. म्हणून मी विद्यार्थ्यांना वाक्याचा कर्ता तपासायला लावतो. बदलणारा म्हणून एकटा प्राणी लिहिला असेल, तर तो शब्द खोडून तिथे ‘समूह’ लिहावा.

इथेच दुसरी चूक जोडून येते: समूहात बदल झाला की नवी प्रजाती झालीच, असे मानण्याची. फिंचांची सरासरी चोच बदलली, पण त्यामुळे नवी प्रजाती झाली नाही. त्यासाठी दोन समूहांमधील जनुकांची देवाणघेवाण थांबावी लागते, किंवा निदान फारच मंदावावी लागते.

रंग वेगळा दिसला की प्रजाती वेगळी ठरवण्याची घाई मात्र मला सर्वांत जास्त खटकते. एका प्रकल्पवहीत पहिल्या पावसानंतर खाचरात दिसलेल्या बेडकांच्या दोन ‘प्रजाती’ नोंदवल्या होत्या: एक लिंबासारखी पिवळीधमक, गळ्याशी निळ्या स्वरपिशव्या असलेली, दुसरी मातकट हिरवी. त्यांची विभागणी कशी झाली असावी यावर पुढे चार पाने मजकूर होता आणि छायाचित्रे उत्तम होती. त्यांतल्याच एका छायाचित्रात पिवळा बेडूक मातकट बेडकाच्या पाठीवर घट्ट मिठी मारून बसलेला होता. ते इंडियन बुलफ्रॉगचे नर आणि मादी होते. विणीच्या हंगामात नर काही काळ पिवळे होतात, एवढाच त्याचा अर्थ. पुरावा वहीतच चिकटवलेला असताना तो वाचला गेला नाही, कारण निष्कर्ष आधीच ठरला होता. रंगाकडे पाहण्यापूर्वी कोण कोणाशी जुगते, कोणाच्या हाकेला कोण प्रतिसाद देते आणि पिल्ले पुढे वाढतात का, हे पाहण्याची सवय लावावी.

समूह वेगळे पडायला समुद्र किंवा उत्तुंग पर्वतच हवा, असेही नाही. पश्चिम घाटातील पालघाट खिंडीच्या उत्तरेला नीलगिरी ब्लू रॉबिन आणि दक्षिणेला व्हाइट-बेलीड ब्लू रॉबिन राहतो. दोघांनाही उडता येते. तरीही उंचावरच्या थंड शोला जंगलाला बांधलेल्या या पक्ष्यांसाठी मधला सखल, उष्ण पट्टा पुरेसा आडकाठीचा ठरला. अडथळ्याचे मोजमाप नकाशावर करू नये, त्या जीवाच्या राहणीवरून करावे.

‘माणूस माकडापासून झाला’ असे लिहू नये. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज समान होता. तसेच दोन प्रजातींचा संकर झाला म्हणजे त्या एकच, असेही लिहू नये. घोडा आणि गाढव यांचे खेचर होते, पण ते सहसा वांझ असते.

प्रत्येक वेळी लाखो वर्षे लागतातच, हा समजही गव्हासमोर टिकत नाही. खपली गव्हाच्या पेशीत २८ गुणसूत्रे (जनुके वाहून नेणारे धागे) असतात आणि पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२. खपलीच्या जातकुळीतील लागवडीच्या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला आणि संकरातील २१ गुणसूत्रे दुप्पट झाली, तेव्हा हा गहू अस्तित्वात आला. ही घटना साधारण दहा हजार वर्षांच्या आतली, म्हणजे शेती सुरू झाल्यानंतरची आहे. गुणसूत्रे दुप्पट झाल्यावर जोड्या पुन्हा नीट जुळतात, त्यामुळे असा संकर प्रजननक्षम राहतो. उलट मूळ पालकाशी त्याचा पुन्हा संकर झाला, तर पुढच्या पिढीत जोड्या बिघडतात. वेगळेपणाची भिंत इथे भूगोलाने घातली नाही, गुणसूत्रांनीच घातली.

अलीकडे डीएनएमध्ये ठरावीक टक्के फरक सापडला की नवी प्रजाती जाहीर करण्याचा सोपा मार्ग नवशिक्यांना फार आवडतो. सर्व जीवांना लागू पडेल अशी कोणतीही टक्केवारी नाही. एका जनुकाच्या तुकड्यावरून आलेला आकडा फक्त शंका घ्यायला पुरतो; त्यानंतर शरीररचना, आवाज आणि दोन समूह जिथे भेटतात त्या सीमेवरचे नमुने एकत्र ठेवून तपासावे लागतात, आणि या कामाला कित्येक हंगाम द्यावे लागतात.